वाडीतला पहिला स्लॅब

साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी अठरा वर्षांचा होतो आणि मला सगळं कळत होतं. शाळा चौथीत सुटली होती, पण चौथीच्या पुढे शिकलेल्यांना मी काही भाव देत नसे. आजही फारसा देत नाही, पण त्या वर्षी मी जो गाढवपणा केला तो लिहून ठेवतो, कारण माझा मुलगा सध्या आमच्या घराशेजारी बंगला बांधतो आहे आणि तोच गाढवपणा तो विलायती मालात करतो आहे. त्याला सांगून सांगून माझं तोंड दुखलं. निदान कागद तरी मधेच उठून जाणार नाही.

आमचं जुनं घर रत्नागिरीच्या बाजूच्या सगळ्या घरांसारखं होतं. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे पडवी, खाली शेणानं सारवलेली जमीन. वळचण इतकी खाली आलेली की नवखा माणूस आत येताना हमखास डोकं आपटून घेई. खोल्यांच्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत नेलेल्याच नव्हत्या, पुरुषभर उंचीवर सोडून दिलेल्या. त्यामुळे आत्या चुलीपाशी पुटपुटली तरी ओटीवर आबांना ऐकू जाई, आणि आत्याचं पुटपुटणं बहुतेक आबांबद्दलच असे. आई मी लहान असतानाच गेली. आम्हाला वाढवलं ह्या आत्यानं, आबांच्या विधवा बहिणीनं. कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी ती अशी करी की अजून तोंडाला पाणी सुटतं, पण वाढताना रोज एकदा तरी म्हणे, “गिळा मेल्यांनो.” चुलीचा धूर वर जाऊन कौलांच्या फटींतून बाहेर पडे. पहाटे लांबून बघितलं तर सगळ्या घरातूनच वाफ निघाल्यासारखी दिसे. त्या फटींचा उपयोग काय, असा प्रश्न मला कधी पडला नाही. फटी म्हणजे मला फक्त काम दिसे.

कारण दर मे महिन्यात कौलं चाळायचं काम माझं. वर चढायचं, एकेक कौल काढायचं, झाडायचं, फुटकं बाजूला टाकायचं, परत बसवायचं. ऊन डोक्यावर, अंगाला घाम असा की हातातलं कौल निसटे. आणि हे सगळं नीट करून खाली उतरलो की चार दिवसांत वांदरांची टोळी यायची आणि घराच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत धिंगाणा घालून वीसपंचवीस कौलं फोडून जायची. मी रडकुंडीला येई. आबा बोटीवर खलाशी होते, ते त्याच सुमारास कायमचे घरी आले. मी त्यांच्या मागे लागलो. स्लॅब घालू या. सकाळी स्लॅब, संध्याकाळी स्लॅब. आबा आधी म्हणाले, “आपल्या बापजाद्यांनी काय केलं?” मी म्हटलं, “त्यांनी वांदरांना शिव्या दिल्या, आणखी काय केलं!” शेवटी तेही भाळले. वाडीत कुणाकडे स्लॅब नव्हता. ताईचं लग्न नुकतंच खेडच्या बाजूला झालं होतं, व्याह्यांपुढे मान वर राहील असं त्यांनाही वाटलं असणार.

स्लॅब पडला त्या दिवशी सगळी वाडी घमेली द्यायला उभी होती. पांडू म्हणून गवंडी होता, वाळलेल्या सुपारीसारखा, बोलायचा थोडं. चिरे चढवत चढवत वरच्या थराला आला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, “दत्तू, वरती झरोके ठेवू ना दोन्ही बाजूनी?” मी काय म्हणालो असेन? म्हणालो, “कशाला? वटवाघळं यायला? बंद कर सगळं, एक मुंगी शिरता कामा नये.” पांडू म्हणाला, “घर तुमचं,” आणि त्यानं भिंत स्लॅबापर्यंत बंद करून टाकली. आबा तेव्हा तालुक्याला गेले होते. मधल्या भिंतीही वरपर्यंत नेल्या. वळचण गेली, पडव्या गेल्या. जमिनीवर सिमेंटचा कोबा आला. कौलं मी स्वतः गाडीत भरून देऊन टाकली, परत दिसायला नकोत म्हणून.

दिवाळी ते शिमगा आम्ही राजे होतो. येणारा जाणारा ओटीवर उभा राहून वर बघे आणि आबा म्हणत, “बोटीचा डेक हो, डेक!” शिमगा झाला आणि डेक तापायला लागला. चैत्रात दुपारी मी काहीतरी बघायला अनवाणी वर गेलो आणि नाचत खाली आलो. तरी दुपारचं एक वेळ सोसवत असे. खरी गंमत संध्याकाळी. बाहेर समुद्रावरून वारा सुटलेला, माड हलताहेत, आणि घरात पाऊल टाकावं तर वरून कुणी गरम तवा धरल्यासारखं. दिवसभर प्यालेलं ऊन स्लॅब संध्याकाळपासून आमच्या डोक्यावर ओकत असे. वीज आलेली होती, म्हणून आबांनी पंखा आणला. पंखा काय करणार बिचारा? वरची गरम हवा खाली ढकली. आत्या म्हणाली, “आधी नुसतं शिजत होतो, आता ढवळून शिजवतोय.” सकाळी केलेली आमटी दुपारी आंबे. दूध दोनदा तापवलं तरी नासे.

आणि मी? मी म्हणत होतो, गरम होत नाही. स्लॅब माझ्या हट्टानं आलेला. विहिरीवर कुणी विचारलं, “काय रे, तापतो काय?” की मी म्हणे, “छे! गारेगार.” सगळे अंगणात बाजा टाकून पडत, मी आत कोब्यावर झोपे, नुसता दाखवायला. अंगाचं पाणी पाणी होई. सकाळी उठलो की कोब्यावर माझ्या आकाराचा ओला डाग असे. आत्या तो डाग बघे, माझ्याकडे बघे आणि फडकं आणून पुसून टाकी. बोलली असती तर परवडलं असतं.

गावच्या शाळेत एक मास्तर होते, सोलापूरकडचे. त्यांनी सल्ला दिला की स्लॅबवर ओली पोती टाका, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारा, आमच्याकडे असंच करतात, हिव भरतं. मी रोज विहिरीवरून चाळीस चाळीस कळशा वर नेल्या. खिडक्यांना पडदे लावून जो काय थोडा वारा येत होता तोही बंद केला. चार दिवसांत घराला ओल्या कुत्र्यासारखा वास यायला लागला. चादरी चिकट, मीठ पाणी सुटून वाहतंय, चपलांवर बुरशी. एप्रिलात बुरशी! स्लॅब जरा निवे, पण अंगावरचा घाम काही केल्या सुकेना. विहीर तळाला लागली तशी आत्यानं कळशी माझ्या हातातून ओढून घेतली. “मेल्या, माणसांना प्यायला ठेव. घर काय आंबोळीचं पीठ आहे, ओलं करून झाकून ठेवायला?” तेव्हा मला कळलं नाही, पुढे कळलं. देशावरची हवा कोरडी, तहानलेली. ती पाणी पिते आणि निवते. आमची हवा आधीच तुडुंब भरलेली, तिला आणखी पाणी पाजून काय होणार? आमच्याकडे वाराच हवा, आणि सावली. बाकी सगळं थोतांड. माझा मुलगा मागच्या उन्हाळ्यात पाण्याचा कूलर घेऊन आला. पंधरा दिवसांनी त्यानं तो माळ्यावर टाकला.

अशा त्या घरात ताई पहिल्या बाळंतपणाला आली. नवरा मुंबईला गिरणीत, सासू खेडकडे. वैशाखात मुलगा झाला, घरातच, सुईणीच्या हातून. आबांनी वाडीभर पेढे वाटले. आणि आत्यानं बाळंतिणीची खोली लावली, जशी तिच्या आईनं लावली होती आणि तिच्या आजीनं. दार बंद, खिडकी बंद, फटीत चिंध्या, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, तिच्यावर ओवा, शेपा, धूप. बाळंतिणीला वारा लागता कामा नये. ह्यात तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कौलांच्या घरात शेगडीचा धूर आणि धग वर निघून जाई, खाली फक्त ऊब राही. तिनं तेच केलं जे सत्तर वेळा केलं होतं. फक्त वरचं छप्पर मी बदललेलं होतं.

ताई अळिवाचा लाडू हातात घेऊन बसे आणि घामानं लाडू ओला होई. मी दाराबाहेरून विचारी, “ताई, गरम होतंय का गो?” ती म्हणे, “नाय रे, बरं आहे.” तिला माहीत होतं स्लॅब कुणाचा. पोराच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं, लाल, शहाऱ्यासारखं. तो दिवसभर किरकिरे.

बाराव्या दिवशी बारसं. खेडहून ताईची सासू पाचसहा बायका घेऊन एसटीनं आली. आम्ही त्यांना विहीणबाई म्हणत असू. ठेंगणी, जाड भिंगाचा चष्मा, आणि जीभ विळ्यासारखी. घर बघून म्हणाल्या, “दिमाख हाय हो,” आणि पदरानं मान पुसली. दुपारी चारच्या सुमाराला, जेव्हा स्लॅब पुरता पेटलेला असतो, वीसेक बायका त्या खोलीत शिरल्या आणि आत्यानं दार लावून घेतलं. शेगडीवर नवा धूप पडला. पाळणा म्हणायला सुरुवात झाली. मी बाहेर घुगऱ्यांचं ताट घेऊन उभा. बायकांच्या गाण्यात पोराचं रडणं ऐकू येत होतं. मग ते ऐकू येईनासं झालं. मला वाटलं झोपला. तेवढ्यात ताईचा आवाज आला, बारीक, “आत्ये, हा दूध ओढत नाय. आत्ये, हा डोळे उघडत नाय.”

मी ताट खाली टाकलं आणि दार ढकललं. आतून जो भपकारा आला तो तोंडावर मारल्यासारखा. धूर स्लॅबाला लागून परत खाली उतरलेला, बायकांच्या खांद्यापर्यंत. ताईच्या मांडीवर पोर लाल तांबडं, मान एका बाजूला पडलेली, छाती चिमणीसारखी उडतेय. अंगाला घामाचा थेंब नाही. मी त्याला उचललं. आत्या ओरडली, “मेल्या, वारा लागेल त्याला!”

“लागू दे!” मी म्हटलं. आत्याशी त्या आवाजात मी आधी कधी बोललो नव्हतो.

मी पळालो तो कलमांच्या बागेतल्या मांगराकडे. मांगर म्हणजे काय, गवतानं शाकारलेली खोप, पेंढा आणि उतरवलेले आंबे ठेवायला बांधलेली, कुडाच्या भिंती छातीएवढ्या आणि वर चारही बाजू उघड्या. दोन मोठ्या कलमांची सावली तिच्यावर. मागून ताई धावत आली, बारा दिवसांची बाळंतीण, तापलेल्या जांभ्या दगडावरून अनवाणी. आत पाय ठेवला आणि अंगावरून वारा गेला. नुसता वारा, दुसरं काही नाही. ताईनं माझ्या हातातच पोराचे कपडे काढले, मडक्यातलं पाणी पदराला लावून त्याचं अंग पुसलं, पुसतच राहिली. सगळ्या बायका येऊन कुडाबाहेर उभ्या राहिल्या. आबा आले. त्यांच्या हातात अजून पेढ्याचा पुडा होता. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग पोरानं एक उसासा टाकला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि बारशासाठी शिवलेल्या माझ्या नव्या सदऱ्यावर मुतलं. लांब, जोरकस धार. ताई हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. पोरानं तोंड फिरवून दूध शोधलं.

तो आता पंचेचाळिशी उलटलेला गृहस्थ आहे, पोट सुटलेलं, मुंबईला हापिसात कोट घालून बसतो. दर मे महिन्यात येतो आणि त्याच खोलीत झोपतो. म्हणतो, “मामा, इथे पंखा बंद केला तरी झोप लागते, आमच्याकडे एसी लावून लागत नाही.” मी म्हणतो, तुझ्याच जिवावर शिकलो बाबा. माझ्या मुलाला हे दाखवलं तर म्हणतो, “बाबा, आता पाच ताऱ्यांचा एसी येतो, वीज कमी खातो.” तारे मोजून यंत्र आणतील, पण पश्चिमेच्या भिंतीला जमिनीपासून वरपर्यंत काच लावतील आणि तिच्यावर हातभर वळचण ठेवणार नाहीत. आधी घर भट्टी करायचं आणि मग भट्टी गार करायला वीज जाळायची. मी विचारलं, वारा कुठून येणार? म्हणाला, “धूळ येते, डास येतात, म्हणून सगळं सीलबंद.” अगदी माझेच शब्द. फक्त वटवाघळांच्या जागी डास. म्हणून राग येतो. परक्याचा मूर्खपणा माणूस सोसतो, आपलाच मूर्खपणा पोराच्या तोंडून ऐकवत नाही.

असो. पोर दूध प्यायलं आणि विहीणबाईंनी चष्मा पुसला. आबांकडे वळून म्हणाल्या, “घर दिमाखाचं बांधलंत. पण आमच्या खेडला म्हशींच्या गोठ्याला पण वरती झरोका हाय. मी दोघांना आज न्हेते.”

बाळंतीण बाराव्या दिवशी माहेराहून परत न्यायची म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. बापाच्या घरात लेकीला जागा नाही असा त्याचा अर्थ. वाडीतल्या बायका ऐकत होत्या. आबांचा चेहरा मी बघू शकलो नाही. वीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, पेढ्याचा पुडा दोन्ही हातांत धरून उभा होता. पांडू गवंडी बारशाला आलेला, मागे उभा होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा बोलणार, झरोके कुणी नको म्हटलं ते. विहीणबाईंनी विचारलंच, “असा कसा हो गवंडी तुमचा? वारा जायला जागा ठेवली नाय!”

“गवंड्याचा काय दोष नाय,” आबा म्हणाले. “तो विचारत होता. मीच नको म्हटलं.”

आबा त्या दिवशी गावातही नव्हते. त्यांना हे कुणी सांगितलं होतं, पांडूनं की आत्यानं, मला आजही माहीत नाही. पण त्यांना माहीत होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. दारात टाकलेल्या घुगऱ्या पायाखाली येऊन चिरडलेल्या होत्या, त्या माझ्या तळव्याला चिकटलेल्या मला जाणवत होत्या, आणि मी खाली बघत राहिलो.

विहीणबाई मांगरात शिरल्या. मग पेंढा सारखा करून त्यावर टेकल्या. “आज नाय न्हेत,” म्हणाल्या. “मी पण हितंच ऱ्हाते, सुनेबरोबर, ह्या आंब्यांत. चार दिवस. पाचव्या दिवशी तुमच्या खोलीत माध्यान्हीला जाऊन बसेन. मला बसाया जमलं, तर पोरगी तुमची. नाय जमलं, तर मी चालले घेऊन.”

माणसं पांगली तसा मी पांडूला गाठला. तो विडी ओढत स्लॅबाकडे बघत होता. म्हणाला, “समोरासमोर चार चिरे काढतो स्लॅबाखालचे, दोन हिकडं, दोन तिकडं. खिडकीतनं आलेला वारा वरनं जाईल. शेगडी बाहेर. पण तेवढ्यानं भागायचं नाय. वरचं ऊन अडवल्याशिवाय काय खरं नाय. त्याच्यावर मांडव घाल, हातभर पोकळी ठेवून. मधनं वारा खेळला पायजे. माडाच्या झावळ्यांचे झाप विणून घाल.”

“स्लॅबवर झाप?” मी म्हटलं. आमच्याकडे झाप कोण घालतं, तर ज्याला कौलं परवडत नाहीत तो. “पांडूदादा, रस्त्यावरनं दिसेल.”

“दिसेल तर. बघू दे लोकांना.”

आबा ओटीवर बसले होते. सगळं ऐकत होते. मला म्हणाले, “तुला वाटत असलं तर संध्याकाळी अंधार पडल्यावर तोड झावळ्या. मी धरतो खाली.” एवढंच. डोळे मात्र मांगराकडे होते.

दुसऱ्या दिवशी उजाडलं, चांगलं लख्ख उजाडलं, तेव्हा मी कोयता कमरेला लावून रस्त्याकडच्या माडावर चढलो. मागे आणखी माड होते, आडोशाचे, पण मी रस्त्याकडच्यावरच चढलो. चारपाच झावळ्या खाली पडल्या असतील तोवर सकाळची एसटी येऊन थांबली. बाजाराला जाणाऱ्या अर्ध्या वाडीनं खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. शेजारचा गोपाळ, ज्याची कौलं दर वर्षी आमच्याहून जास्त फुटत, त्यानं हाक दिली, “काय रे दत्तू, झाप कशाला? स्लॅब गळाया लागला काय?”

गळतो म्हटलं असतं तर खपलं असतं. त्यात दोष सिमेंटचा, नाही तर पांडूचा.

“गळत नाय,” मी वरून ओरडलो, शेवटच्या बाकावर ऐकू जाईल असं. “तापतो! झरोके मी नको म्हटलं होतं, आबांनी नाय!”

आणि पुढची झावळ तोडली.